एक्सपल्सवर काय लावायचं, काय नाही, आणि गाडी पिकअपमध्ये बांधायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०२२ ची हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही बाइक, सोमवार ते शुक्रवार कोथरूड ते हिंजवडी, शनिवार-रविवार वेल्हे, भोर, मुळशीकडच्या कच्च्या वाटा, पुढच्या जूनमध्ये लडाख, आणि खर्चायला चाळीसेक हजार. काय काय लावू, आणि लांबच्या ट्रेलला गाडी चालवत नेऊ का पिकअपमध्ये टाकून नेऊ? सोबत सामानाची यादी पण दिलीये: लोखंडी क्रॅश गार्ड, ॲल्युमिनियमचे दोन साइड बॉक्स, टॉप बॉक्स, चार फॉग लाइट, जेरीकॅन, उंच विंडशील्ड, जाड सीट.

मी हिरोच्या जुन्या इम्पल्सच्या काळापासून याच भागात ट्रेल मारतोय आणि ग्रुपच्या गाड्या पिकअपमध्ये चढवायचं, बांधायचं, उतरवायचं काम माझ्याकडेच असतं, त्यामुळे सरळ सांगतो, त्या यादीतलं निम्म्याहून जास्त सामान घेऊच नका. गाडी मुळात १५८ किलोची. तुमची यादी सगळी चढवली की रिकाम्या डब्यांसकट वीस-पंचवीस किलो सहज वाढतात, आणि तेही बहुतेक वरच्या बाजूला नाहीतर मागच्या चाकाच्या मागे. डांबरावर हे जाणवत नाही. जाणवतं कधी, तर केळदच्या बाजूला एखाद्या ओढ्यात शेवाळलेल्या दगडावरून पुढचं चाक सटकलं, गाडी आडवी झाली, सोबतचा पुढे निघून गेलाय आणि आता ती एकट्याने उचलायचीये. एकदा उचलाल, दोनदा उचलाल, त्यानंतर हात थरथरायला लागतात, मग माणूस उभा राहून चालवायचं सोडतो आणि सीटवर बसतो, आणि बसून दगडातून गेलं की गाडी नेईल तिकडे आपण. तिथून पुढे पडायचं प्रमाण वाढतच जातं. त्यामुळे प्रत्येक वस्तू घेताना एवढंच विचारा की ही वस्तू मला आणि गाडीला संध्याकाळी घरी आणायला मदत करणारे का. उत्तर 'हो' असेल तरच पैसे काढा.

पहिला पैसा टायरला. पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८ ही मापं आहेत, आणि कंपनीतून आलेला टायर वाईट नाहीये, रस्त्यावर छान आहे, कोरड्या मुरमावर पण चालतो, पण भाताच्या खाचराशेजारच्या चिकट मातीत त्याच्या खाचा भरल्या की पुढचं चाक नुसतं तरंगतं, हँडल वळवलेलं असतं आणि गाडी सरळ चाललेली असते. मग लोक थेट फुल नॉबी, म्हणजे आपले बटण टायर टाकतात आणि सोमवारी ओल्या काँक्रीटवर किंवा झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक मारल्यावर त्यांना घाम फुटतो. तुमचे पाच दिवस डांबरावर जातात, त्यामुळे तुम्हाला अर्धा रस्ता-अर्धी माती असा टायर पाहिजे. मित्तास, मॅक्सिस, टिमसन यांच्यात अशा पॅटर्नचे मिळतात, मागच्या १८ इंचीला मात्र दुकानात माल कायम नसतो म्हणून आधी चौकशी करून मगच पुढचा घ्या. माझा स्वतःचा कल पुढे जरा जास्त बटणवाला आणि मागे थोडा सौम्य असा असतो. मागचं चाक घसरलं तर गाडी सांभाळता येते, पुढचं गेलं की आपण खालीच, आणि मागचा टायर रोजच्या हायवेला जास्त झिजतो म्हणून तिथे मऊ बटणांवर पैसे घालणं परवडत नाही. टायरच्या बाजूवर काय छापलंय ते वाचून घ्या, काही टायर फक्त स्पर्धेसाठी असतात आणि रस्त्यावर वापरू नये असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, ते स्वस्तात मिळाले तरी तुमच्या कामाचे नाहीत.

टायरइतकंच महत्त्वाचं हवेचं प्रेशर, आणि याला एक रुपया लागत नाही. रस्त्यावर कंपनीने सांगितलेलं ठेवा. माती सुरू झाली की पुढे-मागे साधारण २० पीएसआयवर आणा, खूप दगड असतील तर पुढे २२ ठेवा. याच्या खूप खाली जाऊ नका, कारण आपल्या चाकात ट्यूब आहे आणि हवा कमी असताना टोकदार दगडावर चाक आपटलं की दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अजून एक गोष्ट, व्हॉल्व्हला रिमच्या बाजूला जो छोटा नट असतो तो पुष्कळ पंक्चरवाले घट्ट पिळून ठेवतात. तो रिमवरून सोडवा आणि वर सरकवून व्हॉल्व्हच्या टोपीला टेकवून ठेवा. हवा कमी असताना टायर रिमवर थोडा थोडा फिरतो, त्याच्यासोबत ट्यूबही सरकते, आणि नट घट्ट असला की व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो, त्याला पॅच बसत नाही, ट्यूबच गेली. नट सैल असला की व्हॉल्व्ह तिरका झालेला डोळ्याला दिसतो आणि तुम्ही वेळेत हवा सोडून तो सरळ करू शकता. परत डांबरावर आलात की पंपाने हवा भरा, कमी हवेत कात्रजचा घाट उतरणं चांगलं नाही, गाडी वळणात लोळते आणि टायर तापतो.

दुसरा पैसा स्वतःच्या अंगावर, आणि इथे बहुतेक जण फसतात कारण गाडीवर लावलेलं दिसतं, बुटात घातलेलं दिसत नाही. ट्रेलवर स्पीड कमी असतो, म्हणून डोकं आपटण्यापेक्षा पाय गाडीखाली सापडणं हे जास्त घडतं. घोट्याच्या वर, नडगीपर्यंत येणारा कडक बूट पाहिजे, ट्रेकिंगचा बूट नाही चालत, त्यात घोटा पिळवटतो. आणि गुडघ्याला सांध्यावर वाकणारे नीगार्ड, पँटच्या आतल्या स्पंजवर विश्वास ठेवू नका. चाळीस हजारातले निम्म्याहून जास्त टायर, बूट आणि गुडघ्यांवर गेले तरी मनाला लावून घेऊ नका. हेल्मेट मोटोक्रॉसचं घ्यायचं असलं तर घ्या पण त्यावर आयएसआय मार्क असायलाच हवा, कारण तुम्ही ट्रेलपर्यंत रस्त्यानेच जाणार आहात.

तिसरं, फुकटातलं काम, गाडी स्वतःच्या मापाला बसवा. पायडानांवर उभे राहा, बूट घालून, गुडघे किंचित वाकवून, आणि कोणाला तरी बाजूने बघायला सांगा. कमरेतून फार वाकावं लागत असेल तर हँडल क्लॅम्पमध्ये थोडं पुढे फिरवा, तरी कमी पडलं तर वीस-पंचवीस एमएमचा रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारा तुकडा, टाका, पण टाकल्यावर हँडल दोन्ही बाजूला शेवटपर्यंत वळवून क्लच केबल आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना ते बघा. लिव्हर जरा खाली झुकवा, म्हणजे उभं असताना मनगट सरळ राहतं. लिव्हरचे क्लॅम्प इतकेच आवळा की रोजच्या वापरात हलणार नाहीत पण हाताने जोर देऊन फिरवले तर फिरतील, मग पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरते. कडक बुटात गियरचा पाय खाली घुसत नाही, त्यामुळे गियर लिव्हर शाफ्टवर एक दात वर घ्या. एवढं केल्यावर गाडी वेगळीच वाटते.

सस्पेन्शनबद्दल सगळे बोलतात, मोजत कोणी नाही. मागचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली जाऊ शकतं ते अंतर, १७० एमएम आहे. मेजरिंग टेप घ्या, मागच्या ॲक्सलपासून सरळ वर सबफ्रेमवर (सीटखालच्या सांगाड्यावर) एक खूण करा, दोघांनी मिळून गाडीचं मागचं चाक हवेत उचला आणि अंतर मोजा. मग सगळं सामान आणि अंगावरचं सगळं गियर घालून तुम्ही बसा, दुसऱ्याला पुढून हँडल धरायला सांगा, आणि तेच अंतर परत मोजा. फरक ट्रॅव्हलच्या एक तृतीयांशाच्या आसपास हवा, म्हणजे पन्नास-पंचावन्न एमएम. सत्तर-ऐंशी आला तर मागचा भाग बसतोय, पुढचं चाक हलकं झालंय, चढावर आणि वळणात गाडी बाहेर जाणार, मग प्रीलोड, म्हणजे शॉकच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवा. तीस आला तर प्रीलोड कमी करा, नाहीतर दगडावर मागचं चाक उड्या मारेल. लडाखला सामान लादल्यावर हे परत मोजायचं. महागडा शॉक घ्यायचा विचार हे सगळं झाल्यानंतर करा, बऱ्याच जणांना मग त्याची गरजच वाटत नाही. ज्यांना खरंच जास्त ट्रॅव्हल हवाय त्यांनी मुळात एक्सपल्सचीच प्रो घ्यावी, २०२३ मध्ये कंपनीनेच पुढे २५० आणि मागे २२० एमएमची ती गाडी आणली, पण तिची सीट ८९१ एमएमवर आहे आणि हिंजवडीच्या सिग्नलला रोज टोकावर पाय टेकवणं सगळ्यांना झेपत नाही.

प्रोटेक्शनमध्ये मी तीन गोष्टी मानतो. आत ॲल्युमिनियमची पट्टी असलेले हँडगार्ड, नुसते प्लॅस्टिकचे वारा अडवतात, लिव्हर वाचवत नाहीत. इंजिनखाली बॅश प्लेट, कंपनीची असतेच, दगडात जास्त जाणार असाल तर तिच्यापेक्षा रुंद, केसिंगच्या दोन्ही कडा झाकणारी घ्या आणि त्यात साचलेला चिखल धुताना काढत जा. आणि तिसरं म्हणजे लोखंडी क्रॅश गार्ड घ्यायचाच असला तर बारीक, इंजिनला चिकटून बसणारा घ्या. बाहेर पसरलेला मोठा गार्ड दगडात अडकतो, आणि त्याचा दणका सरळ इंजिनच्या माउंटिंगवर जातो. उंच विंडशील्ड ट्रेलवर नको, उभं राहून उतारावरून येताना गळ्यापाशी येते. हायवेसाठी हवी असली तर काढता-घालता येणारी घ्या.

पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, १३ दाताचा आहे, तो १२ चा केला की गिअरिंग साधारण ७-८ टक्क्यांनी खाली येतं, पहिल्या गियरमध्ये क्लच न दाबता हळू रेंगता येतं, चढाला आणि लडाखच्या विरळ हवेत फार उपयोगी. पाचशे-सातशे रुपयांच्या आसपासचं काम आहे आणि एवढ्या पैशात गाडीच्या स्वभावात इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. हायवेला ऐंशीच्या पुढे इंजिन ओरडतं हे खरंय, म्हणून मी दोन्ही स्प्रॉकेट ठेवतो आणि गरजेनुसार बदलतो, बदलल्यावर चेनचा ताण परत बघायचा.

जेरीकॅन नको. टाकी १३ लिटरची आहे, नीट चालवली तर चारशे किलोमीटरला मरण नाही, महाराष्ट्रात तुम्ही पंपापासून इतके लांब जातच नाही. लाइटचं म्हणाल तर चार नको, दोन बास, आणि वायरिंग रिले आणि फ्यूज टाकूनच करून घ्या, हेडलाइटची वायर सोलून त्यात जोड देणाऱ्याकडे गाडी देऊ नका. आणि समोरून गाडी आली की ते बंद करायचं बटण अंगठ्याखाली असू द्या.

सामानाला ॲल्युमिनियमचे बॉक्स ट्रेलसाठी बाद. उतारावर पाय टेकवत गाडी सावरताना पोटरी बॉक्सच्या खाली सापडली की मोडते, आणि बॉक्स एकदा आपटून वाकला की झाकण लागत नाही. मऊ सॅडल बॅग घ्या, व्हायाटेरा, रायनॉक्स, गार्डियन गिअर्स असे आपल्याकडचेच चांगले ब्रँड आहेत. एक्सपल्सचा सायलेन्सर वर आहे, उजव्या बाजूच्या बॅगेला त्याची आच लागते, तिथे हीट शील्ड नीट बसलंय का आणि बॅग हलून त्याला टेकत नाही ना ते गाडी हलवून, खाली दाबून बघा. जड वस्तू खाली आणि पुढे, म्हणजे पाणी आणि टूल तुमच्या मांडीजवळ, आणि मागे टेलबॅगेत फक्त कपडे आणि रेनकोट. खरं तर वन-डे ट्रेलला सॅडल बॅग पण नको, पाठीला पाण्याची पिशवी आणि सीटवर छोटी टूल बॅग एवढं पुरतं.

नियमाचं पण ऐका, कारण रोज तुम्ही पोलिसांसमोरून जाणार आहात. गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करून रस्त्यावर आणली तर मोटार वाहन कायद्यात प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर. आवाज करणारा सायलेन्सर, काढलेले इंडिकेटर, वाकवून टाकलेली नंबर प्लेट हे थेट डोळ्यावर येतं. मागच्याला धरायचं हँडल, त्याची पायडानं आणि मागच्या चाकावरचं साडी गार्ड हेही नियमात आहे, काही पोरं वजन वाचवायला पहिलं तेच काढतात, रोजच्या गाडीवर ते राहू द्या. आणि इन्शुरन्सवाल्याला लावलेल्या वस्तू कळवून ठेवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

जागेचं सांगायलाच हवं. भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं, चांदोली हे राष्ट्रीय उद्यान आणि बाकीची राखीव जंगलं, तिथे परवानगीशिवाय गाडी घालायची नाही, वनखात्याने पकडलं तर गाडी जप्त होते आणि व्हायलाच पाहिजे. कासचं पठार आणि तसेच जांभ्याचे सडे, तिथली मातीची थर बोटभर असते, एका चाकाच्या रेषेने उखडली की परत यायला वर्षं लागतात. गावाजवळच्या वाटा म्हणजे कोणाच्या तरी बांधाच्या वाटा असतात, थांबून, हेल्मेट काढून, "काका, इकडून जाऊ का?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा माणूस स्वतःहून पुढची वाट सांगतो आणि पाणी पण देतो. पेरणी झालेल्या शेतातून, गुरांच्या मधून गाडी रेटली तर पुढच्या रविवारी ती वाट आपल्या सगळ्यांनाच बंद.

टूलकिट घरी तपासा. रविवारी अंगणात, फक्त बॅगेत असलेल्या टूलवर, पुढचं आणि मागचं चाक काढा, टायर उघडा, ट्यूब बदला, परत बसवा. जो पाना कमी पडला तो आणून बॅगेत टाका, जो लागला नाही तो काढून ठेवा. यापेक्षा चांगली यादी मी देऊ शकत नाही. ट्यूब एकच न्यायची तर २१ इंची न्या, ती अडीअडचणीला मागच्या १८ मध्येही दुमडून बसते आणि हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत नेते, उलटं होत नाही. तीन टायर लिव्हर, पॅच आणि सोल्युशन, छोटा पंप, चेनची जोडकडी, क्लच-ब्रेकची एकेक लिव्हर, झिप टाय, बांधायची तार, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणि एम-सील. केसिंगला दगड लागून ऑइल गळायला लागलं तर जागा पेट्रोलच्या बोळ्याने पुसून कोरडी करायची, एम-सील मळून दाबायचं, सुकेपर्यंत थांबायचं आणि ऑइलची पातळी बघत बघत निघायचं, अशा गाड्या मी घरापर्यंत आलेल्या बघितल्यात. नवी क्लच केबल जुन्या केबलच्या शेजारून आधीच ओवून, टोकं टेपने बांधून ठेवली की तुटल्यावर नुसती टोकं बदलायची.

आता वाहतुकीचं. वेल्हे, भोर, मुळशी पुण्यापासून इतकं जवळ आहे की गाडी चालवतच न्या, तेच या गाडीचं काम आहे. पिकअपचा विचार तेव्हा करा जेव्हा तीन-चार जण मिळून कोल्हापूरकडे किंवा तळकोकणात दोन दिवस ट्रेल करायला जाताय, नॉबी टायर हायवेला घासायचे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दमलेल्या अंगाने, वाकलेल्या लिव्हरने अडीचशे किलोमीटर परत यायचं नाही. तेवढं दमल्यावर रात्री हायवेला दुचाकी चालवणं ट्रेलपेक्षा धोक्याचं, म्हणून भाडं वाटून घ्या आणि झोपत या. अजून एक फायदा, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला आणि समृद्धीला दुचाकी चालत नाही, पिकअपमध्ये गाडी असली की तो रस्ता मोकळा. नागपूर, संभाजीनगरकडची मंडळी सह्याद्रीत यायला हे करू शकतात.

बोलेरो पिकअप सगळ्यात सोयीची, मोठ्या हौद्याच्या मॉडेलला नऊ फुटांचा हौदा असतो, दोन गाड्या आरामात, तीन जरा उलट-सुलट तोंडं करून. छोटा हत्ती लागलाच तर एकच गाडी तिरकी घाला, हौदा साधारण सात फुटांचा आणि एक्सपल्स २.२ मीटरची, सरळ ठेवली तर फाळका लागत नाही. स्वतःचा इसुझू व्ही-क्रॉससारखा डबल कॅब पिकअप असेल तर त्याचा हौदा पाचेक फुटांचाच असतो, फाळका उघडा ठेवून तिरकी बांधावी लागते आणि मागे लाल फडकं व रात्री दिवा दिसायला हवा. कारच्या मागे ट्रेलर ओढायचा विचार असेल तर ट्रेलरचीही वेगळी नोंदणी लागते, हे आधी आरटीओत विचारा.

चढवताना गाडीवर बसून फळीवरून चढवायची नाही, कधीच नाही. फळीच्या टोकाला गाडी थांबली की पाय टेकवायला जमीनच नसते. आधी जागा शोधा, रस्त्याकडेचा उंचवटा, शेताचा बांध, गोडाऊनचा धक्का, तिथे पिकअप मागे घेतली की हौदा आणि जमीन जवळजवळ एका पातळीत येतात, मग फळी पण नावापुरती. जागा नसेल तर सात-आठ फुटी जाड फळी, वरचं टोक हौद्याला दोरीने बांधलेलं, म्हणजे निसटणार नाही. एकाने डाव्या बाजूने हँडल आणि पुढचा ब्रेक सांभाळायचा, दुसऱ्याने मागून ढकलायचं, आणि तिसरा असला तर उजव्या बाजूला तोल धरायला. इंजिन चालू ठेवून पहिल्या गियरमध्ये क्लचवर हळू नेता येते पण मग हँडलवाला सवयीचा असू द्या. उतरवताना जास्त लोक चुकतात, गाडी मागे येत असताना मागचा माणूस सरळ तिच्या रेषेत उभा असतो. बाजूला उभे राहा.

बांधायला नायलॉनची दोरी नको, ती ताणली जाते आणि वीस किलोमीटरमध्ये सैल होते. रॅचेट पट्टे, म्हणजे खटक्याने आवळत जाणारे पट्टे, घ्या, एका गाडीला चार, आणि चार मऊ लूप. गाडी सरळ उभी, साइड स्टँड वर, पुढचं चाक कॅबिनकडच्या भिंतीला टेकवलेलं. साइड स्टँडवर ठेवून बांधली तर खड्ड्यांचे सगळे हादरे त्या एका स्टँडवर आणि फ्रेमच्या त्या जोडावर येतात. पुढचे दोन पट्टे खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (फोर्कच्या दोन्ही नळ्या एकत्र धरणाऱ्या जोडाला) लूप घालून, खाली आणि बाहेर, दोन्ही बाजूला सारख्या कोनात. हँडलच्या टोकाला किंवा हँडगार्डला बांधायचं नाही, हँडल फिरतं आणि केबल चिमटतात. पट्टे थोडे थोडे करून आळीपाळीने आवळा, एका बाजूने पूर्ण आवळलं की गाडी तिकडे झुकते. फोर्क अंदाजे तिसरा हिस्सा दबला की थांबा. पूर्ण दाबून ठेवला की सीलवर जोर राहतो आणि खड्ड्यात गाडी अजून खाली गेली की पट्टा सैल पडून हूक निसटतो. मला लाकडाचा ठोकळा आवडतो, पुढचा टायर आणि फोर्कचा ब्रेस यांच्यामध्ये, अर्थात मडगार्डवर दाब येणार नाही असा बसत असेल तरच. मागचे दोन पट्टे स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा पायडानाच्या ब्रॅकेटला, खाली आणि किंचित पुढच्या दिशेने, त्यांनी मागचं चाक बाजूला सरकू द्यायचं नाही एवढंच काम. गाडी पहिल्या गियरमध्ये सोडा. पट्ट्याची मोकळी टोकं गाठ मारून बांधा, वाऱ्यावर फडफडून पेंट खातात, आणि सायलेन्सरला टेकली तर वितळतात. गाड्यांच्या मध्ये जुनी गोधडी किंवा फोम. मग गाडीला धरून जोरात हलवा, पिकअप हलली पाहिजे, गाडी नाही. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून परत आवळा, आणि घाट सुरू व्हायच्या आधी पुन्हा. ड्रायव्हरला चहा पाजून सांगा की घाटात वळणाला घाई नको, त्याला कांद्याची पोती न्यायची सवय असते, उभी गाडी वेगळी वागते.

लडाखसाठी पिकअप परवडत नाही, तिथे रेल्वे. पुण्याहून झेलम एक्सप्रेस थेट जम्मूला जाते. गाडी दोन प्रकारे जाते, तिकीट दाखवून लगेज म्हणून बुक केली तर त्याच ट्रेनने तुमच्यासोबत, आणि पार्सल म्हणून टाकली तर जागा मिळेल त्या ट्रेनने, त्यामुळे दोन-चार दिवस पुढे-मागे धरा. आरसी आणि इन्शुरन्सच्या झेरॉक्स, ओळखपत्र, आणि टाकी पूर्ण रिकामी. थोडं राहिलं तर काय होतंय असं करू नका, पेट्रोल सापडलं तर दंड होतो आणि बोगीत तो धोका खराच आहे. फ्युएल इंजेक्शनची (एफआय) गाडी असल्यामुळे खाली कॉक नाही, पाइप मेकॅनिककडून काढून घ्या किंवा सायफन करा. पॅकिंगवाले स्टेशनवरच असतात, पेंढा आणि गोणपाट लावून शिवतात, पण त्याआधी आरसे, जीपीएस माउंट, सॅडल बॅगा तुम्ही स्वतः काढा, लिव्हर आणि टाकीच्या कडांवर फोम स्वतः बांधा, आणि चारही बाजूंनी फोटो काढा. नंबर आणि ठिकाण लिहिलेला पुठ्ठा एक बाहेर आणि एक गोणपाटाच्या आत लावा, बाहेरचा कधी कधी फाटतो. टायरमध्ये हवा भरपूर ठेवा, हमाल गाडी ढकलत नेतात आणि बसक्या टायरवर फलाटाच्या कडेला रिम आपटते.

जम्मूहून जायचा फायदा असा की श्रीनगर, कारगिल करत उंची हळूहळू वाढते, शरीराला सवय होते, मनालीकडून गेलं की दोन दिवसात एकदम उंच. गाडी सोडवून घेताना सही करायच्या आधी गोणपाट फाडा, लिव्हर, सायलेन्सर, टाकी, हेडलाइट बघा, फोटोंशी ताडून बघा. स्टेशनबाहेर पहिला पंप किती लांब आहे ते आधीच नकाशात बघून ठेवा, कारण गाडी तिथपर्यंत ढकलायचीये आणि जूनमध्ये जम्मूला चाळीस अंश असतं, जमल्यास रिक्षाने जाऊन मान्य कॅनमध्ये एक लिटर आणा. पेट्रोल टाकलं की किल्ली दोन-तीनदा चालू-बंद करून पंपाचा आवाज येऊ द्या, मग स्टार्टर मारा, टायरची हवा उतरवून नेहमीच्या प्रेशरवर आणा, आणि सामान लादल्यावर तो टेप काढून मागचं अंतर परत एकदा मोजा.